सोडलेली खोली आणि राहिलेली किल्ली

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ झालें. आमच्या वडील वहिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, यांचा फोन आमच्या नातवानें सहज हातीं घेतला, त्यांत दोन-चार ठिकाणीं पाहिलें आणि "आक्काआजी, या फोनवर आतां बँकेचें कांहीं ठेवायचें नाहीं," असें सांगून टाकलें. नातू पुण्यास संगणकाच्या कामांत आहे; त्या विषयांत त्याच्या शब्दास घरांत मान आहे. परंतु मान आक्कांनाहि आहे! निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पूर्वीं त्यांस दर महिन्यास बँकेचा जिना चढावा लागे. गुडघ्यांनीं असहकार पुकारल्यापासून तें काम त्या माजघरांत बसून फोनवर करीत आल्या आहेत, व त्याचा त्यांस मोठा अभिमान आहे. "फोनला काय धाड भरली आहे? आवाज स्वच्छ येतो. दोनदां हातांतून पडला तरी कांच फुटली नाहीं," असें त्या म्हणाल्या.

"फोन चांगलाच आहे, आजी," नातू म्हणाला. "पण त्याच्या आंत जो कारभारी आहे, त्याच्याकडच्या जुन्या किल्ल्या परत घ्यायच्या राहून गेल्या आहेत. आणि त्या घ्यायला आतां कुणी येणार नाहीं. तुमच्या फोनची ती सोय कंपनीनें बंद केली."

हें किल्ल्यांचें प्रकरण काय आहे, तें आम्हीं पुढें तीन संध्याकाळ त्याच्यापाशीं बसून समजावून घेतलें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें, आणि बाकीचें आयुष्य मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत गेलें. तरीहि विषय समजला. इतकेंच नव्हे, तर तो चांगला ओळखीचा निघाला. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं चार-सहा फोन असतीलच; म्हणून जें समजलें तें येथें मांडतों.

संगणक असो वा फोन, त्याच्या पोटांत एक मुख्य कारभारी असतो. त्यास कर्नेल म्हणतात. पलटणींतील कर्नलशीं याचें नातें नाहीं. कठीण कवचाच्या आंत जो गर असतो तो या शब्दाचा अर्थ. संस्थानी अमदानींत रयतेस खजिन्यांत किंवा दप्तरखान्यांत स्वतः शिरतां येत नसे. अर्ज करावा लागे, आणि कारभाऱ्याचा माणूस आंत जाऊन काम करी. तीच व्यवस्था येथें आहे. फोनवरील प्रत्येक अ‍ॅप हें एक रयतेचें माणूस. फोटो पाहिजे असो, संदेश धाडावयाचा असो, नुसतें एक अक्षर पडद्यावर उमटवावयाचें असो, त्यानें कारभाऱ्याकडे अर्ज करावा. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या घरांत डोकावतां येत नाहीं, तें याच शिस्तीमुळें. कारभाऱ्यास मात्र कोठेंहि मज्जाव नाहीं. म्हणून तोच फसला तर मग फिर्याद कोणाकडे न्यावी?

आतां स्मृति. संगणकाची स्मृति म्हणजे लहान-लहान खोल्यांची एक अफाट चाळ, असें समजावें. कारभाऱ्यास कांहीं काम निघालें, कीं तो एक खोली घेतो, तींत त्या कामाचे कागद ठेवतो, आणि खोलीचा पत्ता ज्यांना लागेल त्यांस टिपून देतो. काम संपलें कीं खोली सोडतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. खोली सोडली म्हणजे ती झाडून-पुसून मोकळी होते, असें सामान्यतः होत नाहीं. वहींत एवढीच नोंद होते, कीं ही खोली आतां दुसऱ्या कोणासहि देण्यास हरकत नाहीं. जुने कागद तेथेंच पडून राहतात, नवा मनुष्य येईपर्यंत. आणि ज्यांनीं ज्यांनीं पत्ता टिपून घेतला होता, त्यांच्या टिपणांत तो पत्ता तसाच राहतो. त्यांपैकीं कोणी एखादा पुढें त्या पत्त्यावर जाऊन काम करूं लागला, कीं जो दोष घडतो त्यास इंग्रजींत 'यूज-आफ्टर-फ्री' म्हणतात. सोडून दिल्यानंतरचा वापर. आम्हीं त्यास त्यक्तोपभोग-दोष असें नांव ठेवलें. नातवास तें फारच भारदस्त वाटलें. ईशावास्यांतील त्यागपूर्वक भोगाशीं याचा कांहीं संबंध नाहीं, हेंहि त्यास सांगावें लागलें.

हें ऐकतांना आम्हांस आमच्याच वाड्यांतील एक जुनी गोष्ट आठवली. पस्तीस-चाळीस वर्षें झालीं असतील. पुढील सोप्याला लागून असलेल्या खोलींत एक बिऱ्हाड होतें. त्या गृहस्थाचा धाकटा भाऊ खेड्यावर शेती करी, आणि गुळाच्या हंगामांत शाहुपुरींतील बाजारास येई. त्यास येण्या-जाण्यास सोयीची म्हणून भावानें एक जादा किल्ली करून दिली होती. पुढें त्या गृहस्थाची बदली झाली. त्यानें भाडें चुकतें केलें, आपली किल्ली आमच्या हातीं दिली आणि तो गेला. जादा किल्लीचें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं, आम्हांस तर ठाऊकच नव्हतें. खोलींत एक शिक्षक-दांपत्य राहावयास आलें. एके दिवशीं दुपारीं, दोघेंहि शाळेंत असतांना, तो धाकटा भाऊ आला, कुलूप उघडून आंत गेला, गुळाचे दोन रवे फळीवर ठेवले, कोनाड्यांतील पत्र्याची पेटी आपल्या भावाची समजून उचलली आणि गांवीं निघून गेला. फळीवर परीक्षेच्या उत्तरपत्रिका होत्या. पेटींत त्या बाईंचे दागिने होते.

चार दिवस आमच्या वाड्यांत अन्न गोड लागलें नाहीं. एकमेकांकडे पाहण्याची नजर पालटली. पांचव्या दिवशीं तो बिचारा स्वतःच पेटी घेऊन धांवत आला, आणि आमच्या मातोश्रींच्या पायांवर डोकें ठेवून रडला. तो चोर नव्हताच. पत्ता बरोबर, किल्ली बरोबर, हेतु शुद्ध. फक्त मधल्या काळांत खोली दुसऱ्याची झाली होती, आणि तें त्यास कोणी कळविलें नव्हतें.

नातवानें ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली आणि विचारलें, "आजोबा, तो असा येतो हें एखाद्या लबाडाला आधीं ठाऊक असतें तर?" आम्हांस प्रश्न कळला नाहीं. तो म्हणाला, "समजा, खोली रिकामी झाल्याबरोबर त्या लबाडानेंच ती भाड्यानें घेतली. थोरला भाऊ जेथें निरोपाच्या चिठ्ठ्या ठेवीत असे, तेथें त्यानें स्वतः लिहिलेली चिठ्ठी ठेवली: 'अमक्या माणसास तिजोरीची किल्ली दे.' धाकटा भाऊ येईल, चिठ्ठी वाचील, दादानें लिहिलें आहे असें समजेल आणि मुकाट्यानें किल्ली देईल. लबाडाला कुलूप फोडावें लागत नाहीं. काम प्रामाणिक माणूसच करतो."

खरी ग्यानबाची मेख येथें आहे. फोनमधील हल्लेखोर अ‍ॅपच्या रूपानें रयतेंत असतो. त्यास खजिन्यांत जातां येत नाहीं. तो कारभाऱ्यास अशीं कामें सांगतो, कीं त्यांच्या गडबडींत एक खोली सुटावी आणि तिचा पत्ता कोणाजवळ तरी मागें राहावा. मग तो ताबडतोब त्याच मापाची खोली मागतो. कर्नेलमध्यें सारख्या मापाच्या खोल्या एका ओळींत ठेवलेल्या असतात, आणि पुष्कळदां जी शेवटीं सुटली तीच प्रथम दिली जाते. त्यामुळें नेमकी तीच हातीं लागण्याचा संभव पुष्कळ. तींत तो आपली बनावट चिठ्ठी ठेवतो. पुढें कर्नेलचाच एक भाग जुना पत्ता काढून तेथें जातो, चिठ्ठी स्वतःच्याच हातची समजतो आणि तींत लिहिल्याप्रमाणें पूर्ण अधिकारानें वागतो.

व्याकरण शिकलेल्या वाचकांस हें अगदीं अपरिचित वाटणार नाहीं. पाणिनीनें लोपाची व्याख्या करतांना नाश हा शब्द वापरला नाहीं; जें दिसेनासें होतें त्यास लोप म्हटलें. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळें होणारें कार्य घडूं शकतें, असेंहि त्यानें सांगितलें. आणि एकाच्या जागीं दुसरा आदेश आला, कीं त्या आदेशास मूळ स्थानीसारखें वागवावें, हा तर प्रसिद्ध स्थानिवद्भाव. परंतु पाणिनि सावध होता. मूळच्या वर्णावरच जें कार्य अवलंबून असेल, तेथें ही सवलत चालणार नाहीं, असा अपवाद त्यानें त्याच सूत्रांत बांधून ठेवला. कर्नेल लिहिणारांनीं स्थानिवद्भाव तर न सांगतां घडूं दिला, अपवाद मात्र घालावयाचा राहिला. वर्गांत असें झालें असतें तर आम्हीं अर्धे गुण कापले असते.

तो राहिला कां, याचेंहि कारण आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं 'सी' नांवाची संगणकभाषा सिद्ध केली. फिनलंडमध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें लिनक्स कर्नेल लिहावयास घेतला तो याच भाषेंत. अँड्रॉइड फोनचा पाया तोच लिनक्स. या भाषेंत खोली मागणें आणि सोडणें या दोन्ही गोष्टी सर्वस्वी लिहिणाराच्या हातीं असतात. भाषा कोणासहि टोकत नाहीं. त्या काळीं संगणकाची स्मृति अतिशय तोकडी होती, चार निवडक मंडळीं लिहीत होतीं, आणि वेग हाच मोठा गुण होता. पुढें ओळींची संख्या कोटींच्या घरांत गेली आणि लिहिणारे हजारों झाले. एकानें घेतलेली खोली दुसरा वापरतो, तिसरा सोडतो, आणि चौथ्यास पत्ता नसतो. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस याहून अधिक सांगणें नको.

मोजणीनें हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न जुना आहे. एका खोलीचा पत्ता किती जणांकडे आहे, त्याचा आंकडा दारावर लिहून ठेवावयाचा. नवा कोणी आला कीं एक वाढवावयाचा, कोणी गेला कीं एक कमी करावयाचा, आणि शून्य झाल्यावरच खोली सोडावयाची. युक्ति उत्तम; पण मोजणी चुकली तर? जुन्या विजेच्या मीटरचे कांटे नवांच्या ओळीवरून पुन्हा शून्यावर येत, हें आपण पाहिलें आहे. २०१६ च्या जानेवारींत परसेप्शन पॉइंट या इस्राएली कंपनीनें लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागांतच असा दोष दाखवून दिला. तेथें एका विशिष्ट प्रसंगीं आंकडा वाढे पण कमी करावयाचा राहून जाई. हल्लेखोरानें तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडविला, कीं ४,२९,४९,६७,२९६ वेळां झाल्यावर आंकडा फिरून शून्यावर येई, आणि वस्तु वापरांत असतांनाच खोली सुटे. सामान्य संगणकास याला अर्धा तास पुरे होतो, असें शोधकांनीं दाखविलें. हा दोष २०१२ पासून तेथें होता. पुढें २०१७ मध्यें लिनक्सनें अशा मोजणीसाठीं निराळी व्यवस्था आणली. तींत कांटा शेवटास पोंचला कीं तेथेंच अडकून बसतो. खोली कायमची अडली तरी चालेल, पण चुकून सुटतां कामा नये, हा व्यवहार आम्हांस पटला.

विंडोजचेंहि घर कांचेचेंच आहे. १४ मे २०१९ रोजीं मायक्रोसॉफ्टनें एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढें त्यास ब्ल्यूकीप हें नांव पडलें. दूर बसून दुसरा संगणक चालविण्याची जी सोय असते, तिच्यांत हा दोष होता. शाळामास्तरास तो चटकन् कळतो. एकाच विद्यार्थ्याचें नांव हजेरीपटावर दोन क्रमांकांवर लागलें. मुलानें शाळा सोडली, दाखला दिला, एका क्रमांकावरील नांव खोडलें. दुसऱ्या क्रमांकावर तें राहिलेंच. विंडोजमध्यें अंतर्गत कामाचा एक मार्ग ठराविक क्रमांकावर असे. बाहेरच्यानें तोच मार्ग दुसऱ्या क्रमांकावर मागितला तर तो मिळे. मग बंद करतांना एका ठिकाणची नोंद जाई, दुसरीकडचा पत्ता मागें राही. परवलीचा शब्द ठाऊक नसतांनाहि हा हल्ला करतां येई, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरूं शकेल असा तो होता. म्हणून ज्या विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्येंच संपली होती, तिच्यासाठींहि कंपनीनें मुद्दाम दुरुस्ती काढली. मेलेल्याचें श्राद्ध वेळेवर करणारे पुष्कळ. औषध पाठविणारे आम्हीं प्रथमच पाहिले.

परंतु आपल्या घरांशीं ज्याचा अगदीं निकट संबंध येतो, तें प्रकरण निराळें. अँड्रॉइडमध्यें प्रत्येक अ‍ॅप आपापल्या बंद खोलींत असतें; एकमेकांशीं बोलावयाचें तर चिठ्ठी धाडावी लागते. चिठ्ठ्या पोंचविणारा जो शिपाई कर्नेलमध्यें आहे, त्याचें नांव बाइंडर. चिठ्ठीची वाट पाहत कोण कोण थांबलें आहे, याची यादी तो आपल्या सामानांत ठेवतो. दुसरा एक नोकर आहे, एपोल. "अमक्या ठिकाणीं कांहीं आलें तर मला उठीव," असें त्यास सांगून ठेवतां येतें. मग तो त्या यादींत आपलें नांव घालतो आणि यादी कोठें आहे तो पत्ता वहींत टिपून ठेवतो. आतां अ‍ॅपनें बाइंडरला सांगितलें, आमचें काम संपलें. बाइंडरनें सामान आवरलें, जागा सोडली, आणि सामानांतच असल्यामुळें यादीहि गेली. एपोलला कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. पुढें सगळेंच आटोपण्याची वेळ आली, तेव्हां एपोल आपल्या नेमून दिलेल्या कामाप्रमाणें त्या यादीवरून आपलें नांव खोडावयास गेला. जागा तीच, यादी नव्हती. दुसऱ्याच कोणाच्या तरी कागदावर त्यानें लेखणी चालविली. एवढ्याशा खोडण्यावरून पायरीपायरीनें पुढें जाऊन हल्लेखोर साऱ्या फोनचा धनी होऊं शके.

हा दोष प्रथम २०१७ च्या नोव्हेंबरांत हातीं आला, आणि तोहि माणसाच्या नव्हे. गूगलनें सिझकॉलर नांवाचें एक यंत्रवजा साधन ठेविलें आहे. तें कर्नेलला रात्रंदिवस अद्वातद्वा हुकूम सोडीत असतें आणि तो कोठें गडबडतो तें पाहतें. चाळीस मुलांच्या वर्गापुढें नवा मास्तर उभा केला म्हणजे त्याचीं वर्में जशीं आठ दिवसांत उघडीं पडतात, तशांतला प्रकार. २०१८ च्या फेब्रुवारींत लिनक्सच्या ४.१४ या आवृत्तींत आणि अँड्रॉइडच्या मूळ कर्नेलच्या कांहीं आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. दुरुस्ती फार लहान: जागा सोडण्यापूर्वीं एपोलला तसें कळवावें. पण अँड्रॉइडची जी मासिक सुरक्षा-पत्रिका निघते, तींत या दुरुस्तीचा उल्लेख आला नाहीं. दोषास क्रमांकहि दिला गेला नाहीं. परिणामीं पुष्कळ फोनांत जुनाच कर्नेल राहिला.

जवळजवळ दीड वर्ष असें गेलें. मग गूगलच्याच प्रोजेक्ट झीरो या पथकांतील मॅडी स्टोन यांनीं २७ सप्टेंबर २०१९ रोजीं अँड्रॉइडच्या मंडळींस कळविलें, कीं हा दोष वापरून प्रत्यक्ष हल्ले होत असल्याचा पुरावा आहे. एरवीं दुरुस्तीस नव्वद दिवसांची मुदत देतात. येथें सातच दिवस दिले. बाधित फोनांची जी यादी प्रसिद्ध झाली, तींत पिक्सेल २ होता, सॅमसंगचे एस ७, एस ८ व एस ९ होते, हुवावेचा पी २० होता, आणि शाओमीचे रेडमी ५ए व रेडमी नोट ५ होते. यांतील रेडमी ५ए हा आपल्या देशांत २०१७ च्या अखेरीस ४,९९९ रुपये किंमतीस 'देश का स्मार्टफोन' अशी जाहिरात करून विकावयास काढलेला. ज्या घरांत पहिलाच असा फोन आला, त्या घरांत तो या किंमतीचा असण्याचा संभव अधिक. दोषास आतां क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१९-२२१५. आणि ऑक्टोबरच्या मासिक दुरुस्तींत त्याचा समावेश झाला. हें हत्यार इस्राएलच्या एनएसओ कंपनीनें वापरलें किंवा विकलें असावें, अशी माहिती गूगलकडे आली होती. कंपनीनें तें नाकारलें. पुढें २०२० च्या जानेवारींत ट्रेंड मायक्रो या संस्थेनें गूगलच्या अधिकृत दुकानांतच तीन अ‍ॅपें उघडकीस आणलीं. त्यांपैकीं कॅमेरो नांवाचें अ‍ॅप नेमका हाच दोष वापरून फोनवर पूर्ण ताबा मिळवी; मग मनुष्य कोठें आहे, त्याच्या फायली, त्याचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, सारें बाहेर जाई. साइडवाइंडर या टोळीशीं त्यांचा संबंध असल्याचें संस्थेनें म्हटलें, आणि तीं अ‍ॅपें २०१९ च्या मार्चपासून चालूं असावींत असा अंदाज दिला.

मार्च ते ऑक्टोबर २०१९ हे महिने वाचून आम्ही थोडे थबकलों. त्याच ऑगस्टांत पंचगंगेनें आमच्या गांवास वेढा घातला होता. शिरोलीपाशीं महामार्ग पाण्याखालीं, दूध नाहीं, भाजी नाहीं, आणि कोणाची काय खबर आहे ती फोनवरूनच कळावयाची. ज्याच्या फोनांत विजेचा थोडा साठा शिल्लक, तो त्या गल्लीचा तारमास्तर! आपला सारा जीव ज्या वस्तूच्या ठिकाणीं गोळा झाला होता, तिच्या पोटांत त्या वेळीं काय राहून गेलें होतें, याची आम्हांस गंधवार्ताहि नव्हती. कोल्हापुरांत कोणाच्या फोनवर असा हल्ला झाला असें आमचें म्हणणें नाहीं. पण पाहा, बाइंडरनें जागा सोडली आणि एपोलला कळविलें नाहीं, हा मूळचा दोष. आणि दोष दुरुस्त झाला तें फोन बाळगणाऱ्याच्या फोनपर्यंत पोंचलें नाहीं, हा दुसरा. कर्नेलच्या आंत जें झालें, तेंच बाहेर माणसांत झालें. पहिल्याचा ठपका भाषेवर ठेवतां येईल. दुसऱ्याचा कोणावर ठेवावा, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. मूळ लिहिणारे म्हणतात आम्हीं दुरुस्त केलें. फोन करणारे म्हणतात जुन्या फोनाकडे किती वर्षें पाहावें. आणि आक्का म्हणतात कांच फुटली नाहीं. तिघांचेंहि आपापल्या परीनें खरेंच.

उपाय चाललेले आहेत. लिनक्समध्यें २००२ पासून आरसीयू नांवाची एक रीत आहे. पंगत पूर्ण उठल्याशिवाय पत्रावळी उचलावयाच्या नाहींत, असें तिचें स्वरूप. नव्या मंडळीस नवें पान वाढावें, पण जुनीं पानें शेवटचा जेवणारा उठेपर्यंत हलवूं नयेत. जेथें ती नीट पाळली जाते, तेथें हा दोष शिरत नाहीं. परीक्षेच्या वेळीं वापरावयाचें केएसॅन नांवाचें एक साधन २०१५ पासून कर्नेलमध्यें आहे. तें सोडलेली खोली कांहीं काळ कोणासच देत नाहीं, आणि तिला कोणी हात लावला कीं ताबडतोब ओरडतें. सोवळें वाळत घातलें असतां आमच्या आजी ज्या दक्षतेनें अंगणावर नजर ठेवीत, तिची आठवण झाली. पण या पहाऱ्यानें यंत्र मंद होतें, म्हणून रोजच्या फोनवर तो ठेवतां येत नाहीं.

अधिक मूळचा उपाय म्हणजे भाषाच बदलणें. मोझिला संस्थेच्या आश्रयानें वाढलेली रस्ट ही भाषा २०१५ मध्यें पूर्णरूपानें प्रसिद्ध झाली. तिचा नियम असा, कीं प्रत्येक वस्तूचा धनी एका वेळीं एकच. दुसऱ्यास ती उसनी देतां येते. पण उसनें नेणारा परत येईपर्यंत धन्यास ती टाकतां येत नाहीं. आणि हा हिशेब कार्यक्रम चालूं होण्याच्या आधींच, लिहिलेला मजकूर तपासतांना होतो. हिशेब जुळला नाहीं तर भाषा पुढें जाऊंच देत नाहीं. आमच्या मातें ही भाषा एखाद्या कडक सासूनें रचिली असावी. २०२२ च्या डिसेंबरांत लिनक्सच्या ६.१ आवृत्तींत तिला प्रथम प्रवेश मिळाला. मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनीं २०१९ मध्यें सांगितलें होतें, कीं त्यांच्या मालांतील सुमारें सत्तर टक्के सुरक्षा-दोष स्मृतीच्या हाताळणींतील चुकांचे असतात. त्यावरून या खटाटोपाचें महत्त्व कळेल. पण जुन्या कोट्यवधि ओळी एका रात्रींत नव्या भाषेंत कशा जाणार? वाडा पाडून बांधणें सोपें. त्यांत राहून एकेक खण बदलणें कठीण. तीं मंडळी सध्यां खण बदलीत आहेत.

घरापुरतें करावयाचें तें थोडें आहे. फोनच्या सेटिंग्जमध्यें 'सिक्युरिटी पॅच' अथवा 'सिक्युरिटी अपडेट' अशी एक तारीख असते, ती पाहावी. दुरुस्ती आल्याची सूचना दिसली तर "नंतर" वर बोट ठेवूं नये. आम्ही कित्येक महिने तेंच करीत होतों, हें कबूल करतों. कोणीं धाडलेल्या दुव्यावरून अ‍ॅप घेऊं नये. आणि ज्या फोनची तारीख दोन-तीन वर्षें मागेंच थांबली आहे, त्यावर पैशाचे व्यवहार ठेवूं नयेत.

आक्कांच्या फोनची तारीख २०२१ मधली निघाली. ती त्यांनीं चष्मा लावून स्वतः वाचली, कांहीं वेळ गप्प बसल्या, आणि मग "नवा घ्यायचा तर अक्षरें मोठीं दिसतील असा घ्या," एवढेंच म्हणाल्या. दसऱ्याला नवा फोन आला. जुना आतां देवघराशेजारीं असतो. त्यांत सिमकार्ड नाहीं, इंटरनेट नाहीं, पहांटे भूपाळ्या तेवढ्या लागतात. तो तेथें ठेवण्यापूर्वीं नातवानें त्यांतलें सारें पुसून काढलें होतें. तरी आक्कांनीं त्यास विचारलें, "नीट पुसलेंस ना रे? का नुसतीच खोली सोडलीस?" त्यानें फोन पुन्हा हातीं घेतला, आणि त्यांना शेजारीं बसवून सारें पहिल्यापासून एकदां करून दाखविलें.